नवी हार्ड डिस्क: खोकं उघडल्यापासून पहिली फाइल टाकेपर्यंत

माझी पहिली मोठी हार्ड डिस्क आली त्याच संध्याकाळी मी ती बसवली, फॉरमॅट केली आणि रात्रभरात दहा वर्षांचे फोटो तिच्यावर हलवले. नुसते कॉपी केले असते तर गोष्ट वेगळी होती. मी जुन्या डिस्कवरचे लगेच पुसूनही टाकले, कारण तिथे जागा हवी होती. पाचव्या आठवड्यात एका फोल्डरपाशी कॉम्प्युटर अडखळायला लागला. एकेक फोटो उघडायला अर्धा मिनिट लागे, काही उघडतच नसत. तोवर विक्रेत्याची बदलून देण्याची मुदत उलटून गेली होती. पुढे कंपनीच्या वॉरंटीत डिस्क बदलून मिळाली, पण वॉरंटीत फक्त डिस्क मिळते. तिच्यावर जे होतं ते गेलं.

तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक नवी डिस्क मी पहिले तीन-चार दिवस कोरी ठेवतो आणि तिला भरपूर काम देऊन बघतो. कारखान्यातून किंवा वाहतुकीतून आलेला दोष बरेचदा सुरुवातीच्याच वापरात डोकं वर काढतो. तो तुमची एकही फाइल डिस्कवर नसताना दिसावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. यात तुमचा प्रत्यक्ष वेळ तास-दीड तासच जातो, बाकीचं काम डिस्क एकटी करत राहते.

खालचे टप्पे डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या आत बसणाऱ्या ३.५ इंची, साटा जोडणीच्या (साटा म्हणजे डिस्क मदरबोर्डला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य सर्किटला, जोडण्याची नेहमीची पद्धत), फिरत्या चकत्यांच्या डिस्कसाठी आहेत. एसएसडीची, म्हणजे फिरत्या चकत्या नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कची, तपासणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते, तिच्याबद्दल इथे काही नाही.

आधी हाताशी काय हवं

- साटा डेटा केबल. सुटी विकली जाणारी डिस्क बहुधा केबल आणि स्क्रूशिवाय येते, त्यामुळे ऑर्डर देतानाच केबल घ्या.
- पॉवर सप्लायमधून येणारं, १५ पिनांचं साटा पॉवरचं एक मोकळं टोक. कॅबिनेट उघडून ते आहे का, आणि डिस्कच्या जागेपर्यंत पोहोचतं का, हे आधीच बघून ठेवा.
- मदरबोर्डचं मॅन्युअल, कागदी किंवा पीडीएफ.
- चार स्क्रू आणि फुलीचा स्क्रूड्रायव्हर.
- खरेदीचं बिल, आणि परत करण्याची शेवटची तारीख लिहिलेला एक कागद.
- क्रिस्टलडिस्कइन्फो आणि जीस्मार्टकंट्रोल ही डिस्कची तब्येत तपासणारी दोन सॉफ्टवेअर. दोन्ही मोफत आहेत. लिनक्सवर असाल तर स्मार्टमॉनटूल्स पुरेसं आहे.
- मोबाइलचा कॅमेरा. तो पहिल्याच टप्प्यात लागतो.

१. खोकं उघडताना

खोक्याचा फोटो उघडण्याआधी काढा, सगळ्या बाजूंनी. मग आतल्या पॅकिंगचा काढा. डिस्क पडल्या-आपटल्याने आतून बिघडते आणि बाहेरून तिच्यावर ओरखडाही नसतो. चालू डिस्कमध्ये वाचणारं हेड चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं; माणसाचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. एवढ्या नाजूक रचनेला प्रवासात दोन्ही टोकांना फोमचे किंवा हवेच्या प्लास्टिकचे जाडजूड आधार लागतात. डिस्क मोठ्या खोक्यात सैल हलत आली असेल, किंवा तिच्याभोवती बुडबुड्यांच्या प्लास्टिकचा एकच पातळ वेढा असेल, तर मी ती बसवतही नाही, त्याच दिवशी परतीची विनंती टाकतो. हा निर्णय काहींना टोकाचा वाटेल. पण हेडला लागलेला मार कधीकधी महिन्यांनी उघडा पडतो, आणि तेव्हा पॅकिंगचा पुरावा कोणाकडेच नसतो.

आतली पिशवी चंदेरी-करडी, स्थिर वीज रोखणारी असते. तिचं सील शाबूत आहे का बघा. डिस्क हातात घेण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाईल. डिस्क कडांनी धरा, खालच्या हिरव्या किंवा निळ्या सर्किटला बोटं लावू नका.

बाहेर कडाक्याची थंडी असेल आणि खोकं नुकतंच घरात आलं असेल, तर पिशवी न फोडता काही तास तसंच ठेवा. थंड धातूवर घरातल्या हवेतली वाफ जमते, आणि त्या ओलाव्यात वीज सोडणं डिस्कला महागात पडतं.

स्क्रूची भोकं आणि पिना यांच्यावरही एक नजर टाका. कोऱ्या डिस्कच्या स्क्रूच्या आट्यांवर घासल्याच्या खुणा नसतात, पिनांवर जोडणीच्या रेघा नसतात. त्या दिसल्या तर ही डिस्क आधी कुठेतरी बसून आलेली असू शकते.

२. लेबल नीट वाचा

लेबलचा स्पष्ट फोटो काढा. डिस्क एकदा आत बसली की सिरियल नंबरसाठी पुन्हा सगळं उघडावं लागतं.

तीन गोष्टी तपासायच्या. पहिली, मॉडेल नंबर ऑर्डर केला तोच आहे ना, शेवटच्या अक्षरांसकट. शेवटची दोन-चार अक्षरं बदलली की आतली डिस्क पूर्ण वेगळी असू शकते. दुसरी, निर्मितीची तारीख. वर्षभरापूर्वीची असेल तर घाबरायचं कारण नाही, गोदामात डिस्क पडून राहतात; पण तीन-चार वर्षांपूर्वीची असेल तर विक्रेत्याला विचारा. तिसरी, सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी तपासणीच्या पानावर टाकून बघा. काही डिस्क कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांना घाऊक विकलेल्या असतात, आणि अशा डिस्कला ग्राहकासाठी थेट वॉरंटी नसते. त्या सुट्या बाजारात येतात तेव्हा दिसायला अगदी सारख्याच असतात. वॉरंटीचं उत्तर ‘नाही’ आलं तर पुढचा एकही टप्पा करू नका.

आता थोडं थांबून एक गोष्ट समजून घ्या, कारण इथे खूप जण फसतात. चकतीवर डेटा लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. सीएमआरमध्ये पट्टे एकमेकांशेजारी असतात. एसएमआरमध्ये ते घराच्या छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात, त्यामुळे तेवढ्याच चकतीत जास्त मावतं. पण कौलं जशी मधलंच एक सुटं काढता येत नाही, तसं मधला एक पट्टा बदलायचा तर त्याच्या पुढचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. मोठ्या फाइली एकदाच टाकून ठेवायच्या असतील तर एसएमआरने काही बिघडत नाही. सतत लहानमोठं लिहिणं-पुसणं असेल, किंवा अनेक डिस्क एकत्र जोडून एकच साठा म्हणून वापरण्याचा संच, म्हणजे रेड, करायचा असेल, तर ती प्रचंड मंदावते. २०२० मध्ये असं उघड झालं की मोठ्या कंपन्यांनी काही मॉडेल एसएमआर असल्याचं न सांगताच विकली होती. त्या गदारोळानंतर कोणतं मॉडेल कोणत्या पद्धतीचं, हे कंपन्या आपल्या संकेतस्थळांवर देऊ लागल्या. तुमचा मॉडेल नंबर तिथे शोधा. रेडसाठी डिस्क आणली असेल आणि ती एसएमआर निघाली, तर परत करा. चांगली असली तरी ती त्या कामाची नाही.

३. बसवणं

कॉम्प्युटर बंद करा, पॉवर सप्लायचा मागचा खटका बंद करा, वायर काढा. मग कॅबिनेट उघडा.

स्क्रू लांब घेऊ नका. ३.५ इंची डिस्कला आखूड, जाड आट्यांचे स्क्रू लागतात. लॅपटॉपच्या आकाराच्या डिस्कचे बारीक आट्यांचे स्क्रू तिला बसत नाहीत. लांब स्क्रू आत घुसून सर्किटला किंवा कवचाला इजा करू शकतो. स्क्रू बोटांच्या जोराने फिरत नसेल तर तो चुकीचा आहे, स्क्रूड्रायव्हर लावून रेटू नका.

बऱ्याच मोठ्या क्षमतेच्या डिस्कना बाजूच्या तीन भोकांपैकी मधलं भोक नसतं. खालच्या भोकांची जागाही सरकलेली असते. जुन्या कॅबिनेटचा ट्रे नेमका त्याच भोकांवर अवलंबून असेल तर डिस्क दोनच स्क्रूवर लटकते आणि थरथरते. थरथर म्हणजे आवाज, आणि हेडला आपल्या पट्ट्यावर राहायला जास्त कष्ट. चारही स्क्रू लागतील अशी दुसरी जागा शोधा.

डिस्क आडवी ठेवा किंवा उभी, दोन्ही चालतं. तिरकी लोंबकळती नको. हवा भरलेल्या डिस्कच्या झाकणावर एक छोटं भोक असतं आणि शेजारी ते झाकू नये अशी सूचना असते. त्यातून आतला आणि बाहेरचा हवेचा दाब सारखा राहतो. त्यावर चिकटपट्टी लावू नका. हीलियम भरलेल्या डिस्क सीलबंद असतात, त्यांना ते भोक नसतं.

आता केबल. डेटाची केबल ७ पिनांची, पॉवरची १५ पिनांची, दोन्ही इंग्रजी एल अक्षरासारख्या खाचेमुळे एकाच बाजूने बसतात. सरळ ढकला. वरखाली हलवत घातली तर आतला प्लास्टिकचा पातळ पट्टा तुटतो, आणि तो तुटला की डिस्क जवळजवळ निकामीच. मदरबोर्डवर कोणता साटा पोर्ट निवडायचा हे मॅन्युअलमध्ये बघा. अनेक मदरबोर्डवर एम.२ नावाच्या, छोट्या एसएसडीसाठीच्या खाचेत एसएसडी बसवली की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. डिस्क दिसत नाही म्हणून दोन दिवस डोकं खाजवणाऱ्या एका मित्राचा प्रश्न केबल शेजारच्या पोर्टमध्ये घातल्यावर सुटला.

पॉवरचं टोक कमी पडलं तर लोक जुन्या ४ पिनांच्या मोलेक्स टोकाला साटाचं टोक जोडणारं अ‍ॅडॅप्टर आणतात. त्यातली स्वस्त, वितळलेल्या प्लास्टिकच्या साच्यात ओतलेली अ‍ॅडॅप्टर टाळा. त्यांच्यात तारा एकमेकींच्या फार जवळ येतात, शॉर्ट होतो, आणि अशी अ‍ॅडॅप्टर वितळल्याची, जळल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. घ्यायचंच असेल तर तारा दाबून बसवलेलं, मागचं टोपण उघडता येणारं घ्या.

४. पहिल्यांदा सुरू करताना कान देऊन ऐका

कॅबिनेटचं झाकण उघडंच ठेवा आणि सुरू करा. आधी चकत्या वेग घेतानाचा चढत जाणारा घूंऽऽ आवाज येतो, मग हेड जागेवर येतानाची एक-दोन टकटक, मग हलकी खरखर. मोठ्या डिस्कला तयार व्हायला १० ते २० सेकंद लागतात. हे सगळं ठीक आहे.

वाचताना-लिहिताना कटकट-खरखर येणं हेही हेडच्या धावपळीचंच लक्षण आहे, आणि मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या मोठ्या डिस्कमध्ये ते चांगलं ऐकू येतं. आधी एसएसडी वापरलेल्यांना हा आवाज बिघाडासारखा वाटतो. तसंच काही हीलियम डिस्क अगदी रिकाम्या बसल्या तरी साधारण दर पाच सेकंदांनी ‘टुक’ असा आवाज करतात. हेड एकाच जागी राहून झीज होऊ नये म्हणून डिस्क ते स्वतःच हलवते. माझ्याकडे अशी एक आहे. पहिल्या रात्री मी झोपलो नाही, आणि ती अजून ठणठणीत आहे.

वाईट आवाज वेगळे असतात. एका लयीत ठक-ठक-ठक होऊन चकत्या थांबतात आणि पुन्हा सुरू होतात, तेव्हा हेडला आपली जागा सापडत नसते. धातू घासल्यासारखा किंचाळता आवाज, किंवा चकत्या न फिरता येणारी बारीक बीप. यातलं काहीही ऐकू आलं तर लगेच बंद करा आणि एकदाच दुसरं पॉवर टोक लावून बघा. तरीही तेच, तर परत.

आणि आवाजच येत नसेल तर? डिस्क मेलेली आहे असं ठरवण्याआधी एक शक्यता बघा. साटा ३.३ या आवृत्तीपासून पॉवर जोडणीची तिसरी पिन डिस्कला दुरून बंद ठेवण्यासाठी वापरता येते. मुख्यतः सर्व्हरसाठीच्या डिस्कमध्ये ही सोय असते. जुना पॉवर सप्लाय त्याच पिनेवर ३.३ व्होल्ट सोडतो, आणि डिस्क त्याचा अर्थ ‘बंद राहा’ असा घेते. ३.३ व्होल्टची तार नसलेल्या केबलवर तीच डिस्क लगेच फिरू लागते.

५. विंडोजमध्ये दिसत नाही म्हणून गोंधळू नका

आधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन डिस्कचं नाव दिसतं का बघा. तिथे दिसली तर जोडणी बरोबर आहे. पण विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये ती दिसणार नाही, कारण कोऱ्या डिस्कवर अजून विभाग नाहीत. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं की विंडोज स्वतःच डिस्क इनिशियलाइझ, म्हणजे वापरासाठी तयार, करायची का विचारतं. त्या खिडकीला सध्या ‘कॅन्सल’ करा. डिस्कला हात लावण्याआधी तिची पहिली नोंद काढायची आहे.

६. स्मार्टची पहिली नोंद

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची वही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून नवी डिस्क निवडा आणि पूर्ण खिडकीचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवा. वरच्या बाजूला निळ्या रंगात ‘गुड’ दिसेल. त्या एका शब्दावर विसंबू नका. कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडेपर्यंत डिस्क स्वतःला नापास करत नाही, आणि त्या मर्यादा सैल असतात. आकडे स्वतः वाचायचे; खालचे ०९, ०सी वगैरे हे त्या यादीतल्या ओळींचे क्रमांक आहेत. ओळींसमोरचे कच्चे आकडे बरेचदा सोळाच्या पद्धतीत (अंकांसोबत ए ते एफ अक्षरं असलेल्या) दिसतात, ‘फंक्शन’ मेनूमधून ते दशमान करून घ्या.

०९, म्हणजे चालू राहिल्याचे तास. नव्या डिस्कला शून्य किंवा फार तर मोजके तास. शेकडो तास असतील तर ती वापरलेली आहे.

०सी, म्हणजे किती वेळा सुरू झाली. काही वेळा ठीक, शंभर नाही.

०५, सी५ आणि सी६. हे तिघं सगळ्यात महत्त्वाचे. ०५ मध्ये खराब निघाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर, म्हणजे चकतीवरचे साठवणीचे छोटे तुकडे, मोजले जातात. सी५ म्हणजे वाचता न आल्याने संशयित ठरलेले. सी६ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले. नव्या डिस्कमध्ये तिघांचेही कच्चे आकडे शून्य हवेत. एकही असला तरी माझ्या मते ती नवी डिस्क नाही.

सी७, म्हणजे केबलवरून जाताना डेटात झालेल्या चुका. हा वाढला तर दोष बहुतेकदा केबलचा असतो. केबल बदलली तरी आकडा कमी होत नाही, तो कायमचा असतो. पुढे वाढतो का एवढंच बघायचं.

सीगेटच्या डिस्कमध्ये ०१ आणि ०७ समोर कोट्यवधींचे आकडे दिसतात आणि नवखे लोक घाबरून डिस्क परत पाठवतात. त्या आकड्यात एकूण किती वेळा काम केलं याचीही मोजदाद मिसळलेली असते. तो मोठा असणं हा दोष नाही.

स्मार्टचे तास पुसता येतात, हेही माहीत असू द्या. २०२५ च्या सुरुवातीला डेटा सेंटरमध्ये हजारो तास चाललेल्या सीगेटच्या डिस्क तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या जात असल्याचं युरोपात उघड झालं. विक्री साखळीत कुठेतरी हा प्रकार झाला होता. तो सापडला तो ‘फार्म’ (FARM) नावाच्या वेगळ्या नोंदीमुळे, जी सीगेटच्या डिस्क स्मार्टशिवाय ठेवतात. स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत ती वाचता येते. स्मार्ट आणि फार्म या दोन्हींतले तास साधारण जुळले पाहिजेत.

७. जीपीटी निवडा, मग पूर्ण फॉरमॅट

आता ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये डिस्क इनिशियलाइझ करा. डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवण्याच्या पद्धतीचे दोन पर्याय येतील, एमबीआर आणि जीपीटी. एमबीआर पद्धतीत सेक्टरची संख्या ३२ बिटांत मावावी लागते, त्यामुळे नेहमीच्या ५१२ बाइटच्या सेक्टरने सुमारे २.२ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. जीपीटी घ्या. इथे क्लिक करण्याआधी डिस्कचा क्रमांक आणि क्षमता दोनदा वाचा, कारण चुकून जुन्या डिस्कवर काम केलंत तर तिच्यावरचं सगळं जाईल. शक्य असेल तर तपासणीच्या दिवसांत बाकीच्या डेटा डिस्कच्या केबल काढूनच ठेवा.

विभाग करताना ‘क्विक फॉरमॅट’ची खूण काढा. हाच या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी क्लिक आहे. क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका लिहितो आणि काही सेकंदांत संपतो. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज व्हिस्टापासून डिस्कच्या प्रत्येक जागी शून्य लिहिलं जातं. लिहिणं का महत्त्वाचं? कारण कमजोर सेक्टरचा निकाल लिहितानाच लागतो. डिस्क तिथे लिहून बघते. जमलं तर तो संशयितांच्या यादीतून सुटतो, नाही जमलं तर त्याच्या जागी राखीव सेक्टर येतो आणि ०५ चा आकडा वाढतो. नुसत्या वाचण्याने हे कळत नाही.

वेळ लागतो. सरासरी १५० एमबी प्रति सेकंद धरली तर ४ टीबीला साडेसात तास, आणि मोठ्या डिस्कला त्याच हिशेबाने दिवसभर किंवा जास्त. त्याआधी विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये कॉम्प्युटर झोपी जाणार नाही असं करा. माझा एक फॉरमॅट ९० टक्क्यांवर असताना कॉम्प्युटर झोपी गेला होता, आणि तो पहिल्यापासून करावा लागला.

फॉरमॅट संपल्यावर क्षमता कमी दिसेल. १ टीबीची ९३१ जीबी, ४ टीबीची ३.६३ टीबी, ८ टीबीची ७.२७ टीबी. काही चोरीला गेलेलं नाही. कंपनी एक टीबी म्हणजे दहाचा बारावा घात मोजते, विंडोज दोनचा चाळिसावा घात मोजतं आणि तरी टीबीच लिहितं.

८. लांब तपासणी

लिहून झालं, आता वाचायचं. जीस्मार्टकंट्रोलमध्ये डिस्क निवडून ‘एक्स्टेंडेड’ सेल्फ टेस्ट सुरू करा. ही तपासणी डिस्क स्वतःच्या आत करते, किती मिनिटं लागतील तेही सांगते. ती चालू असताना कॉम्प्युटर वापरू शकता, पण त्या डिस्कला काम देऊ नका आणि कॉम्प्युटर बंद करू नका. शेवटी ‘चुकांशिवाय पूर्ण’ असा निकाल हवा. ‘रीड फेल्युअर’ आणि सोबत सेक्टरचा क्रमांक आला, तर त्या पानाचा स्क्रीनशॉट हाच तुमचा परतीचा पुरावा.

लिनक्सवाल्यांना बॅडब्लॉक्स या कमांडचा लिहून-वाचून तपासण्याचा प्रकार चांगला. तो चार वेगवेगळे नमुने संपूर्ण डिस्कवर लिहितो आणि प्रत्येक परत वाचून ताडतो, म्हणजे आठ फेऱ्या होतात. मोठ्या डिस्कला त्यात कित्येक दिवस जातात. मोठी डिस्क असेल तर ब्लॉकचा आकार ४०९६, आणि फारच मोठी असेल तर त्याहून जास्त द्या, नाहीतर मोजणी हाताबाहेर गेल्यामुळे तो सुरूच होत नाही. आणि यात डिस्कवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून डिस्कचं नाव टाइप करून झाल्यावर एंटर दाबण्याआधी ते मोठ्याने वाचा. मी खरंच वाचतो.

तपासणी चालू असताना अधूनमधून तापमान बघा. ३० ते ४५ अंश सेल्सिअस उत्तम. ५० च्या वर टिकून राहिलं तर डिस्कसमोरून पंख्याची हवा जाते का, दोन डिस्क एकमेकींना चिकटून आहेत का, हे बघा. बहुतेक डिस्कची लिखित मर्यादा ६० अंश असते, पण तिथपर्यंत पोहोचायचं नाही.

९. वेगाचा आलेख

हा टप्पा ऐच्छिक आहे. एचडी ट्यूनसारख्या सॉफ्टवेअरने वाचण्याचा आलेख काढला की तो डावीकडून उजवीकडे उतरत जातो, शेवटी वेग जवळजवळ निम्मा होतो. चकतीच्या बाहेरच्या पट्ट्याचा घेर मोठा, म्हणून एका फेरीत तिथे जास्त सेक्टर हेडखालून जातात. आत घेर लहान होत जातो. हा उतार पाहून तक्रार करू नका. मध्येच तळाशी गेलेले खोल खड्डे मात्र पुन्हा तपासा. दुसऱ्यांदाही त्याच जागी खड्डा पडला तर तिथले सेक्टर डिस्कला पुन्हापुन्हा वाचावे लागत आहेत.

१०. पहिल्या स्क्रीनशॉटशी ताडून बघा

पुन्हा क्रिस्टलडिस्कइन्फो उघडा, दुसरा स्क्रीनशॉट काढा आणि पहिला शेजारी ठेवा. ०५, सी५, सी६ शून्यावरच आहेत? लांब तपासणी स्वच्छ? मग डिस्क ठेवा. ०५ शून्याचा दोन-तीन झाला असेल तर विक्रेते कधी सांगतात, ‘एवढं चालतं, राखीव सेक्टर असतातच.’ राखीव सेक्टर असतात हे खरं, आणि तीन वर्षं वापरलेल्या डिस्कच्या बाबतीत मी हे ऐकूनही घेईन. पण पहिल्याच लिखाणात सेक्टर गमावणारी डिस्क मी ठेवत नाही. परतीची तारीख लिहिलेला तो कागद यासाठीच. परत पाठवताना मूळ पिशवी आणि मूळ फोमच वापरा. निष्काळजी पॅकिंगचं कारण देऊन दावा नाकारला जाऊ शकतो.

११. आता फाइली, पण कॉपी करून

हलवू नका, कॉपी करा. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) ताडून बघा. टेराकॉपीसारखी सॉफ्टवेअर हे स्वतः करतात. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळला म्हणजे आतला मजकूरही जुळला असं होत नाही. ही तुमची एकमेव प्रत असणार असेल तर दुसरी प्रत कुठे ठेवणार हे आजच ठरवा, कारण सगळ्या तपासण्यांत उत्तीर्ण झालेली डिस्कही एके दिवशी बंद पडते.

जुनी डिस्क पुसायची घाई करू नका. मी तिच्या केबल काढतो, पिशवीत घालतो आणि वर कागद चिकटवून महिन्याभरानंतरची तारीख लिहितो. त्या दिवशी नव्या डिस्कची स्मार्ट नोंद पुन्हा काढतो, पहिल्या दोन स्क्रीनशॉटशी ताडतो, सात-आठ फोल्डर उघडून बघतो. तोवर जुनी डिस्क कपाटातच राहते.